बाबांचं बटण

४ तारीख, मंगळवार

ती. ताईस,
बारक्याचा सा. न. वि. वि.

पायाचं प्लास्टर कधी निघतंय ते कळव. इथे सूर्याला पुढच्या आठवड्यात ग्रहण लागणार आहे, माणसांना आत्तापासूनच लागलंय. समोरच्या लॉजवाल्याने गच्चीवरच्या खुर्च्या भाड्याने लावल्यात. वाणी पुठ्ठ्याचे चष्मे विकतो आणि वर कसं बघायचं ते शिकवतो. सूर्य ढगामागे रोजच जातो, तेव्हा कुणी मान वर करत नाही.

आमच्या रस्तादिवे खात्यालाही झटका आलाय. अंधारलं की दिवे आपोआप लागतात, ते त्या दिवशी लागू द्यायचे नाहीत असा साहेबांचा हुकूम आहे. लोकांना भरदिवसा तारे बघायचेत म्हणे. आजवर दिवे गेले म्हणून शिव्या खाल्ल्या, आता लागले तर खायच्या.

बाबा ठीक. आपण याच खात्यातून निवृत्त झालो हे त्यांच्या डोक्यातून पार गेलंय. अंधारायला लागलं की ते व्हरांड्यातलं बटण दाबतात, रस्त्यावर दिवे लागतात आणि मग ते निवांत जेवतात. मी बसवलेल्या त्या बटणाची तार भिंतीतच संपते, हे फक्त तुला-मला ठाऊक.

जावईबापूंना नमस्कार. लोभ आहे तेवढा राहू दे.
तुझा, बारक्या


८ तारीख, शनिवार

चि. बारक्यास,
अ. उ. आ.

पत्र वाचून आधी खूप हसले. तुझ्या नाकावर टिच्चून मीही चष्मा आणवलाय, खिडकीत पाय पसरून बघणार आहे. आमच्याकडे अर्धंच दिसणार म्हणतात, पण अर्धं तर अर्धं.

मग मात्र हसू गेलं. भरदिवसा अंधारलं की बाबा बटण दाबणार. तू तर दिवे बंद ठेवणार. मग ते काय करतील? कोपऱ्यावरचा एक दिवा गेला म्हणून भरल्या ताटावरून उठणारे आपले बाबा. साहेबांच्या हातापाया पड, पण तेवढा वेळ घरी थांब. मला येता आलं असतं तर तुला सांगत बसले नसते.

वेळेवर जेवत जा. तुझी काळजी वाटते, हे वेगळं सांगायला नको.
तुझी, ताई


१० तारीख, सोमवार

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तू उगाच जिवाला घोर लावून घेतेस. मुख्य स्विच माझ्याच ताब्यात, त्यामुळे रजा नाही. बाबा दुपारी गाढ झोपतात. शिवाय शेजारच्या काकू येऊन बसणार आहेत. काही मिनिटांचा तमाशा, तू उठून चहा टाकेपर्यंत संपेल.

घाईत आहे. रागावलीस तरी लोभ ठेव.
तुझा, बारक्या


१९ तारीख, बुधवार

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

फोनवर फक्त बाबा गेले एवढंच सांगू शकलो. बाकीचं तोंडातून निघेना, म्हणून लिहितो.

अंधारलं तसे बाबा जागे झाले. काकू नुकत्याच चष्मा घेऊन पायरीवर गेल्या होत्या. आतून बटणाची खटखट ऐकू येत होती, पण मान खाली करवेना, असं त्या रडत सांगत होत्या. दिवे लागले नाहीत. बाबांनी मागच्या दारची शिडी उचलली आणि कोपऱ्यावरच्या खांबाला लावली. रस्ता माणसांनी भरलेला होता, ताई, आणि एकानेही त्यांना पाहिलं नाही. सगळे वर बघत होते. उजेड परतला तेव्हा ते खांबाखाली पडलेले दिसले.

काकूंना काय बोलू? मी सगळ्यांना नावं ठेवणारा, खात्याच्या गच्चीवर आ वासून उभा होतो. फार सुंदर होतं ते. लिहायची लाज वाटते, पण होतं.

दवाखान्यात बाबा शुद्धीवर होते. फॉल्ट कुठे सापडला म्हणून विचारलं. बटण खोटं आहे हे तेव्हाही सांगवलं नाही. फॉल्ट नव्हता, मीच हुकमावरून लाइन बंद केली होती, असं म्हणालो. मग ते म्हणाले, की लाइन बंद करायची तर तिच्यावर काम करणाऱ्या माणसाला आधी कळवायचं असतं, एवढंही मी तुला शिकवलं नाही का? त्यानंतर बोलले नाहीत.

शिकवलं होतं. खात्यातल्या सगळ्यांना मी कळवलं होतं. घरातल्या माणसाला कळवायचं सुचलं नाही. तू सांगूनही नाही.

काल संध्याकाळी दिवे लागले, बटण न दाबता. ते बटण काढून टाकावं म्हणतो. लोभ असावा असं लिहायला हात धजत नाही.
बारक्या


२४ तारीख, सोमवार

चि. बारक्यास,
अ. उ. आ.

चार दिवस तुझा इतका राग आला होता की पत्र हातात धरवत नव्हतं. तो अजून गेलेला नाही. मीही त्या वेळी खिडकीत चष्मा लावून बसले होते, तेही मनातून जात नाही.

बटण काढू नकोस. प्लास्टर निघालं की मी येते, संध्याकाळी दोघं व्हरांड्यात बसू. तोवर काकूंकडे जेवत जा, त्यांनाही बरं वाटेल.

लोभ आहे. तो कधी बंद करायचा झालाच, तर तुला आधी कळवीन.
ताई