बिलातला तो नंबर

भटवाडी, घाटकोपर (प.)
१४ नोव्हेंबर

चि. श्रुतिकास,

अनेक आशीर्वाद. इकडे सगळं ठीक. आईचे गुडघे आहेत तसेच. शेजारचा विपुल सुट्टी संपवून उद्या तुमच्या लीड्सला परत निघालाय. त्याच्या बॅगेत आईने मालवणी मसाला कोंबलाय, त्याच पिशवीत हे पत्र.

आधी फोनचं लिहितो. तिथलंच सिम घेते म्हणून तू विमानतळापर्यंत भांडलीस. मोबाइलच्या दुकानातला नंदकुमारही सांगत होता, "काका, तिकडचं सिम घेऊ द्या तिला, नेटवर्क झकास मिळेल." मी ऐकलं नाही. माझ्या नावावर फॅमिली प्लॅन घेतला. तुला म्हटलं, गावची माणसं परदेशी नंबर उचलत नाहीत. थाप होती ती. बिल माझ्याकडे यावं, तू कुणाशी बोलतेस ते मला दिसावं, एवढंच हवं होतं.

मागच्या बिलात एकच नंबर अकरा वेळा होता. तिथल्या पहाटे चारला, चाळीस-चाळीस मिनिटं. आणि आम्हाला दोन मिनिटं, "जेवले, बरी आहे." माझं डोकं फिरलं. कोण मुलगा आहे म्हणत तुला काय काय बोललो ते परत लिहीत नाही. लाज वाटते. तू एवढंच म्हणालीस, "बाबा, तुम्ही माझं बिल वाचता?" आणि फोन ठेवलास. आज सतरा दिवस झाले. माझ्या मेसेजवर निळ्या खुणा उमटतात, तेवढाच आधार.

मग मी त्या नंबरवर फोन लावला. त्या पोराची खरडपट्टी काढायला चार इंग्रजी वाक्यं घोकून ठेवली होती. एका बाईंनी उचलला. विद्यार्थ्यांसाठीची मदतवाहिनी, असं काहीसं म्हणाल्या आणि लगेच विचारलं, "आर यू सेफ?"

माझं इंग्रजी तुला ठाऊक आहे, पण एवढं कळलं. मी फोन ठेवून दिला. जेवलीस का, पास होशील ना, हेच मी विचारत राहिलो पोरी. तू सुरक्षित आहेस ना, हा प्रश्न मला कधी सुचलाच नाही.

काल नंदकुमारकडे जाऊन आजवरच्या कॉलची यादी काढून घेतली. शेवटचं एकदा. आपल्या भांडणानंतर त्यात तो नंबर एकदाही नाही. म्हणजे माझ्यामुळे तू त्यांच्याशीही बोलणं सोडलंस. आईला यातलं काही सांगितलं नाही. तुझा विषय निघाला की ती आपली म्हणते, "चेडू अभ्यासात आसतला, तुमी उगाच जीव खाव नकात."

विपुलला बजावलंय, दार उघडेपर्यंत तिथून हलायचं नाही. त्याला घेऊन दुकानात जा आणि तिथलं सिम घे, तुझ्या नावावर. बिल तुझं, तूच वाच. नवा नंबर मला द्यायलाच हवा असं नाही. काय झालंय तेही मला सांगायला हवं असं नाही.

पण त्या सिमवरून पहिला फोन त्या बाईंना कर. नंबर तुला पाठ असेलच. आता मलाही झालाय.

दुसऱ्या फोनची वाट पाहणारा,
तुझा बाबा