पोळपाट खाता येत नाही

छावणी, औरंगाबाद
९ ऑगस्ट २००९

प्रिय प्रणिता,

अनेक आशीर्वाद. फोन करता आला असता. परंतु फोनवर मी तुला मध्येच थांबवतो आणि तू मला. आज मला सलग बोलायचे आहे.

तुमच्या संस्थेचे विश्वस्त काकासाहेब परवा घरी आले होते. निवासी डॉक्टरांचे विद्यावेतन चार महिने अडले आहे आणि त्यांच्या प्रतिनिधीने व्यवस्थापनाला लेखी उत्तर दिले आहे, एवढे सांगून त्यांनी ते उत्तर माझ्यापुढे ठेवले. 'वकीलसाहेब, पोरगी लई चुरुचुरु बोलते, हिला कायद्यानं गप्प करा,' असा त्यांचा आग्रह. ती पोरगी म्हणजे तू, माझ्या मुलीची मुलगी, हे त्यांना ठाऊक नव्हते. आडनाव वेगळे, मीही सांगितले नाही.

उत्तर मी तीनदा वाचले. व्यवस्थापनाच्या अभिप्रायात म्हटले होते की निवासी डॉक्टर हे विद्यार्थी. त्यांना मिळते ती विद्या. सोबतची रक्कम हा अनुग्रह, आणि अनुग्रहाला तारीख नसते. 'आम्ही विद्यार्थी आहोत' हे तू पहिल्याच ओळीत मान्य केलेस. प्रतिपक्षाचे जे खरे, ते आधी देऊन टाकावे. अर्धे वकील हे जन्मभर शिकत नाहीत. मग विचारलेस, अनुग्रहाला तारीख नाही, तर ड्यूटीच्या तक्त्याला कशी? आणि शेवटी समास: विद्यावेतन हा तत्पुरुष, तत्पुरुषात प्रधान पद दुसरे, म्हणून येथे प्रधान ते वेतन. पोळपाट हा पाटच असतो. पोळपाट खाता येत नाही.

येथे मी चष्मा काढून ठेवला.

पोलीस अ‍ॅक्शन होऊन निजामाचे राज्य गेले तेव्हा मी अकरा वर्षांचा होतो. शाळा उर्दूची मराठी झाली आणि मला व्याकरण मुळापासून शिकावे लागले. उशिरा मिळालेली वस्तू माणूस जपून वापरतो. म्हणून या घरात समास चुकलेला मी कधी खपवून घेतला नाही. तू सातवीत असताना स्वयंपाकघरात बसवून तुझी परीक्षा घेतली होती. आजी पोळ्या लाटत होती. तू पोळपाटाचा विग्रह बरोबर लिहिलास आणि खाली हेच वाक्य जोडलेस. मी 'अवांतर' असा शेरा मारून एक गुण कापला. परवा आजीला तुझे उत्तर वाचून दाखवले, तर म्हणते, 'पाट माझा, पीठ माझं, अन् नाव व्याकरणाचं व्हय?'

आता मुद्द्याचे. त्या अभिप्रायाखाली सही नव्हती. तो मी लिहिला होता, जूनमध्ये. तू तेथे काम करतेस हे माहीत असून लिहिला, कारण नात्याने युक्तिवाद बदलू नये असे माझे मत होते. ते आजही आहे. तो युक्तिवादानेच बदलावा, आणि तसा तो बदलला. मात्र तुझ्यापासून लपवले, त्याला माझ्याजवळ समर्थन नाही. अभिप्राय मागे घेत असल्याचे पत्र मी काकासाहेबांना दिले आहे. प्रत सोबत आहे, या वेळी सहीसह. तुम्हा निवासी डॉक्टरांच्या मंगळवारच्या सभेत ती वाचून दाखव. लेखकाशी तुझे नाते काय, हेही सांग.

आणि सातवीत कापलेला तो गुण परत करतो. ते वाक्य अवांतर नव्हते.

तुझाच,
आप्पा