बारावा धडा

३ तारीख, सोमवार

आता हे वरून! मुलगी येऊन सहा दिवस झाले, तर बालकल्याण ऑफिसातली टॅबवाली आज माझ्या मोबाइलमध्ये ॲप टाकून गेली. परक्याचं मूल सांभाळणाऱ्यांसाठी म्हणे! बारा धडे. प्रत्येकाला व्हिडिओ, मग परीक्षा, मग चांदणी. माझी दोन पोरं काय चांदण्यांवर वाढली? "मावशी, एकवीस तारखेपर्यंत बाराही पुरे झाले नाहीत तर मुलीला दुसऱ्या घरी ठेवावं लागेल हं." हसत म्हणाली! धमकी द्यायची तर नीट तरी द्यावी.

मुलगी सात वर्षांची. "हो" आणि "नाही", बस्स. त्यापुढे तोंड उघडत नाही.

५, बुधवार

धडा दुसरा. एक हसरी बाई सांगते, मुलाशी बोलताना खाली बसा. माझे गुडघे हिला देऊ का?

युक्ती सापडली. मोबाइल शिलाई मशीनला टेकवून व्हिडिओ लावायचा आणि आपण भांडी घासायची. ॲपला काय कळतंय! मुलगी बसते समोर बघत. कुणीतरी बघतंय ना, झालं तर.

८, शनिवार

तिच्या उशीच्या अभ्र्यात ब्रेडचे तुकडे! वाळलेले, मुंग्यांनी भरलेले. चांगलीच झापली. "या घरात कुणी उपाशी ठेवतं का तुला?"

१०, सोमवार

पाचव्याच्या परीक्षेत प्रश्न – मूल खाणं लपवत असेल तर? मी ठोकलं, रागवावे. लाल फुली! शेवटी व्हिडिओ पुन्हा लावून मुकाट्याने बघावा लागला. उपाशी राहिलेली मुलं लपवतात म्हणे. रागवू नका, तिचा स्वतःचा डबा द्या, कायम भरलेला. त्या हसरीचं काय जातं सांगायला!

डबा दिला. बिस्किटं भरून. घरात मुंग्या नकोत म्हणून, बाकी काही नाही.

१४, शुक्रवार

चार दिवस उशी स्वच्छ. शनिवारचं माझं ओरडणं सारखं आठवतंय.

१८, मंगळवार

अकरा झाले. ॲपने 'शाब्बास!' म्हणून फुगे उडवले. फुगे! माझं वय काय! आमच्या छोट्या बाईसाहेब बोट ठेवून धड्यांची यादी वाचत होत्या. मग हळूच सरकून मला चिकटून बसल्या. मी काही दाखवलं नाही. पण बरं वाटलं. फार बरं वाटलं.

२०, गुरुवार

मोबाइल गायब! मशीनखाली, कपाटात, कचऱ्यात – कुठेच नाही. शेजारणीच्या फोनवरून लावला तर बंद. एकच धडा राहिला आणि आत्ताच! टॅबवाली म्हणते, "मावशी, सिस्टम ऐकत नाही हो." सिस्टम काय तुझी सासू आहे? फोन ठेवल्यावर रडू आलं. पोर जाईल हो माझी!

२१, शुक्रवार

दुपारी दोन. मोबाइल सापडला. तिच्या डब्यात, बिस्किटांखाली. ओरडणारच होते. पण खाली बसले, गुडघे कुरकुरले तरी. विचारलं, का गं?

पहिल्यांदाच एवढं बोलली. "बाराव्या धड्यात मुलाला निरोप कसा द्यायचा ते शिकवतात. मी वाचलंय. तू नको ना शिकूस, मावशी."