पानाखाली लाल पेनाने 'तपासले'

६ जाने.
तालुक्याची इंग्रजी शब्दस्पर्धा, जाफराबाद. आपल्या शाळेची सानिया, सातवी. दोनशे शब्द तोंडपाठ. पहिल्या दोन फेऱ्यांत एक चूक नाही. मी मागे बसून शेजारच्या गुरुजींना सांगतोय, ही आमची बरं का. तिसऱ्या फेरीत विचारलं, जेनेरस? सानिया म्हणाली, काटकसरी. फ्रुगल? हट्टी. ऑब्स्टिनेट? नाखूश. सगळं ठणठणीत आवाजात. परीक्षक मॅडमना हसू आवरेना. "कुणी शिकवलं गं?"
सानिया म्हणाली, "माझं मीच पाठ केलं, मॅडम."
मी बुटांकडे बघत बसलो. 'घाबरली असेल पोरगी' असंही शेजाऱ्याला सांगून झालं.

७ जाने.
तिची वही मागवून घेतली. त्या शब्दांचं पान माझ्याच फळ्यावरून उतरवलेलं. परिपाठाआधी मी वीस शब्द लिहितो. आधी मोबाइलमध्ये बघून इंग्रजीचा रकाना वरून खाली पुरा करायचा, मग अर्थांचा. घंटेच्या आत उरकायचं. त्या दिवशी पहिलाच अर्थ, 'उदार', गाळला गेला आणि बाकीचे सगळे एकेक ओळ वर सरकले. शेवटी व्हिंडिक्टिव्ह उरला, त्याला अर्थच नाही. मी 'चांगला' लिहून मोकळा झालो. खरा अर्थ 'सूड घेणारा'. तो वरच्या शब्दासमोर.
वहीत पानाखाली लाल पेनाने 'तपासले', आणि माझी सही.
हाताची चूक म्हणता येईल. पण वीसपैकी एक जरी शब्द मला येत असता तर लिहिताना खटकलं नसतं का? माझा विषय इतिहास. मु.अ. म्हणाले होते, इंग्रजीला माणूस नाही, तुम्हीच घ्या. त्याला सात वर्षं झाली. सात वर्षं झाकली मूठ.

९ जाने.
रफीकभाई, सानियाचे वडील. त्यांच्याच जीपने रोज शाळेत जातो. मागे बारा जण कोंबतील, पण ड्रायव्हरशेजारची सीट माझी. "उठा मामा, सरांची जागा हाय ती." आज मुद्दाम मागे चढलो, तर हाताला धरून पुढे आणून बसवलं. वाटेत म्हणाले, "सर, जालन्याच्या शाळेचा फारम आता भरून राह्यलो न्हाई. इंग्लिश आमच्या पोरीच्या बस की बात न्हाई. चार लोकांत हसं झालं. तुमी येवढी मेहनत घेतली तिच्यावर, माफ करा."
माफ करा! मला!
मी म्हणालो, "बघू."
ती शाळा इंग्रजी माध्यमाची, वसतिगृह आहे, दहावीपर्यंतची सोय आहे. सानिया वर्षभर त्याच एका गोष्टीवर बोलतेय. फॉर्मची मुदत १७ पर्यंत.

१२ जाने.
डिक्शनरी विकत आणली. सकाळी ओट्यावर बसून पाठांतर. बायको म्हणाली, "परीक्षा हाय काय तुमची?" हो म्हणालो. मोबाइलमधले फळ्याचे जुने फोटो उघडून ताडून पाहिले. आणखी दोन दिवस असेच सरकलेले. पोरांनी तेही पाठ केलेत, मी त्यावरही सह्या केल्यात.
रिलक्टंट म्हणजे नाखूश. हा मात्र पक्का बसला. रोज ठरवून निघतो, आज रफीकभाईंना सांगायचं. जीपमध्ये लोक असतात म्हणून राहतं. आज फाट्यावर दोघंच होतो, तरी...

१५ जाने.
मधल्या सुट्टीत सानियाला व्हरांड्यात बोलावलं. म्हटलं, "बेटा, त्या पानावर..."
"मालूम हाय सर."
वही उघडून दाखवली. माझ्या प्रत्येक चुकीच्या अर्थाशेजारी बारीक अक्षरात बरोबर अर्थ. पेन्सिलीने. वही परत मिळाली त्याच दिवशी ग्रंथालयातल्या फाटक्या डिक्शनरीत शोधले म्हणे.
"पेन्सिलीनं का?"
"खाली तुमची सही हाय ना. तुमाला बरं न्हाई वाटलं तर खोडता यावं म्हणून."
"अब्बांना सांगितलंस?"
"न्हाई सर. मंग अब्बा तुमाला पुढं बसवणार न्हाईत."
तेरा वर्षांची पोर. ती माझी सीट राखून बसलीय आणि मी तिचा फॉर्म बुडवतोय. कुठे तोंड लपवू?

१६ जाने.
सानियाचा फॉर्म रात्रीच भरून बरोबर घेतला. पुढे बसलो. जीप सुटल्या सुटल्या, धीर जायच्या आत, सगळं सांगून टाकलं. फळा, रकाना, सही, त्या दिवशी मी गप्प बसलो ते.
रफीकभाई रस्त्याकडे बघत म्हणाले, "म्हंजी सर, तुमाला बी येत न्हाई इंग्लिश?"
"कमी येतं. शिकून राह्यलो."
मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. शाळेपाशी उतरताना फॉर्म पुढच्या काचेपाशी ठेवला. पालकाची सही सोडून सगळा भरलेला. म्हटलं, "चूक माझी, तिची नाही. उद्या शेवटचा दिवस आहे."
"घरी बोलतो," एवढंच.
परिपाठात पोरांना तिन्ही पानं खोडायला लावली. का, तेही सांगितलं. पेनाने खोडा म्हणालो.
संध्याकाळी परतताना पुढच्या सीटवर एक म्हातारी बसलेली, मांडीवर बोरांची पाटी. रफीकभाईंनी तिला उठवलं नाही. मी मागे चढलो. काचेपाशी फॉर्म नव्हता. कुठे ठेवला, हे विचारायचं माझ्याच्याने झालं नाही.