हिरवी सोंगटी

७ एप्रिल २०२५, सोमवार
बोरगाव मेघे, वर्धा

पोचले एकदाची! आईनं बांधून दिलेल्या कडक भाकऱ्या अजून निम्म्या शिल्लक आहेत, पाठीचा पार खुळखुळा झालाय, पण मी भलतीच खुशीत आहे. खेळ शिकवायचे पैसे मिळतात हे आईला अजून खरं वाटत नाही. बार्शीतल्या शेजारणींना ती ‘वर्षाली शाळेत लागलीय’ असंच सांगणार, मला ठाऊक आहे.

बबनराव वैरागडे स्टेशनवर स्कूटर घेऊन आले होते. एसटीतून निवृत्त झालेत. ते काका आणि सुलोचनाबाई काकू, हे स्टेशनाबाहेर पडायच्या आत ठरून गेलं. घराच्या खालच्या दोन खोल्यांत त्यांचं ‘खेळघर’ आहे. भिंतभर फळ्या आणि त्यांवर तीनशे अकरा खेळ! रेल्वेचे मार्ग जोडायचे, द्राक्षमळ्यात मजूर लावायचे, मंगळावर वस्ती करायची, सगळ्यांनी मिळून साथ आटोक्यात आणायची, टोळीतला फितूर हुडकायचा. पुण्याच्या होस्टेलात एकेका खेळासाठी आम्ही वर्गणी काढायचो. इथं सगळे हाताशी.

खेळ त्यांच्या मुलानं, रजतनं, बंगळूरच्या नोकरीत असताना जमवलेले. दोन वर्षांपूर्वी तो मोटरसायकलवरून पडला. तेव्हापासून आतल्या खोलीत पडून आहे. डोळे उघडे, पण नजर नाही. काकूंनी त्याच्या कानाशी वाकून माझी ओळख करून दिली, हे वर्षाली, आता तुह्ये खेळ हेच सांभाळणार म्हणून. मीही त्याला नमस्कार केला. अवघडल्यासारखं झालं नाही. काकू बोलतातच अशा, की तो आत्ता उत्तर देईल असं वाटतं.

११ एप्रिल, शुक्रवार

ऊन बेचाळीसवर गेलंय. कॉलेजची मुलं दुपारी कूलरच्या वाऱ्याला येतात आणि खेळात अडकतात. आज चौघांना लिलावाचा एक खेळ शिकवला. नियम सांगायची माझी एक पद्धत आहे. आधी जिंकायचं कसं ते सांगायचं, मग बाकीचं. नियमांचं पुस्तक पहिल्यापासून वाचून दाखवलं की माणसं जांभया देतात.

काकूंच्या हातच्या भाजीला कधी मीठच नसतं, कधी तोंडात धरवत नाही. त्यांना ते कळत नाही. काकांना डाव्या कानानं ऐकू येत नाही. आज फाटकाशी त्यांचे सख्खे भाऊ आले, तर काकांनी त्यांनाच विचारलं, कोण पाहिजे म्हणून. भाऊ सवयीचं असल्यासारखे आत येऊन बसले. वय, दुसरं काय.

माझ्या आधी आकांक्षा नावाची मुलगी हे काम करायची. नागपूरला नोकरी लागली म्हणे.

१५ एप्रिल, मंगळवार

उद्या खेळघर बंद. काका जिन्यात थांबवून हळूच म्हणाले, “बुधवारी घरी नको राहू बाप्पा. सेवाग्रामले जाऊन येजो.” मला हसू आलं. एवढ्या उन्हात सेवाग्राम?

१६ एप्रिल, बुधवार

दुपारी दोनला काकूंनी बोलावलं. रजतच्या खोलीत, त्याच्या पलंगाला लागूनच एक टेबल आहे, त्यावर पट मांडलेला. रजतनं स्वतः बनवलेला खेळ! नाव ‘परतीची वाट’. बोर धरणाकडचं जंगल काढलंय, सागाची पानं एकेक रंगवलेली. चौघं जंगलात चुकलेत आणि सगळ्यांनी मिळून गावच्या सडकेला लागायचं. अपघाताच्या दिवशी डाव अर्धवट राहिला. रजतची हिरवी सोंगटी जंगलाच्या मधोमध अडकलेली. काकूंनी तो डाव मोडलेला नाही. दर बुधवारी त्याच्या वतीनं खेळतात. माझ्यासाठी नवी निळी सोंगटी करून ठेवली होती.

खेळ देखणा आहे. प्रत्येकाकडे काही पत्ते, प्रत्येकावर रजतच्या अक्षरात एकेक शब्द: वास, रंग, चव, पाय, नावं. अडकलेल्याला पुढे न्यायचं तर आपला एक पत्ता जंगलात कायमचा ठेवायचा. मी ‘वास’ ठेवला. हिरवी सोंगटी दोन घरं पुढे गेली. काकूंनी माझा हात असा काही धरला, की मलाच भरून आलं. काका सबंध वेळ खाली मान घालून होते. त्यांच्यापुढे एकच पत्ता उरला होता.

१७ एप्रिल, गुरुवार

चहाचं दूध ठेवून वर गेले आणि ते करपलं. मला कळलंच नाही. काकू धावत आल्या तेव्हा घरभर धूर होता. सर्दी झाली असेल.

आनंदाची गोष्ट अशी की रजतनं मान वळवली. काकूंनी मोगरा उशाशी ठेवला आणि त्यानं तिकडे मान वळवून लांब श्वास घेतला. मी स्वतः पाहिलं.

२३ एप्रिल, बुधवार

सर्दी नाही. कापूर, फिनेल, लसूण, काही म्हणजे काही येत नाही. डॉक्टर म्हणाले, कधीकधी होतं असं, बघू.

आज ‘रंग’ ठेवला. ठेवताना हात थबकला होता. मग वाटलं, पुठ्ठ्याचा तुकडा तर आहे.

२५ एप्रिल, शुक्रवार

मुलं हसली आज. लाल कुठली नि पिवळी कुठली मला सांगता येईना. पट, पत्ते, अंगणातला गुलमोहर, सगळं राखेसारखं. माझ्या ओढण्या ओळीनं दोरीवर वाळत होत्या. सगळ्या एकच ओढणी.

आणि आत काकू पंचा हलवत होत्या नि रजतचे डोळे पंचाच्या मागे मागे जात होते.

मी काकांना गाठलं. ते अंगणातल्या नळाशी बसले. मग सगळं सांगितलं. अपघातानंतर महिन्याभरानं काकूंनी एक दिवस सहज रजतची खेळी खेळली, आपली ‘चव’ ठेवली. संध्याकाळी त्याची पापणी हलली. तेव्हापासून चालू आहे. काकांचा कान गेला, मग नावं गेली, मग सख्ख्या माणसांचे चेहरे. घरातल्या दोघांचं पुरेना, म्हणून जाहिरात दिली. मी विचारलं, मला आधी का नाही सांगितलं. ते म्हणाले, “सांगतलं असतं तं तू थांबली असती का?” आणि रडायला लागले.

२७ एप्रिल, रविवार

आकांक्षा नागपूरला नाही. नालवाडीत आहे, आपल्या आईच्या घरी. खुर्चीत बसलेली असते. आई वरणभात भरवते, ती गिळते, बस. मी समोर बसले, हाक मारली. तिचे डोळे भिंतीवरून सरकावे तसे माझ्यावरून सरकले. माझ्याच वयाची. तिच्या आईला वाटतं, पोरीनं अभ्यासाचं टेन्शन घेतलं.

काकांनी परवा नळाशी सांगितलं होतं तेच खरं. ती चिडून उठली आणि आपली सोंगटी विहिरीत फेकून दिली. म्हणजे ती अजून जंगलातच आहे. पट जाळायचा विचार माझ्याही मनात होता. आता नाही. पट जळाला तर आम्ही सगळेच तिच्यासारखे आत अडकून राहू.

२९ एप्रिल, मंगळवार

उद्या अकराच्या एसटीनं निघते. कुणाला सांगत नाही. टेबलच नको, पटच नको, दोनशे कोसांवरून मला कोण खेळवणार? आईला फोन केला, सुट्टी घेऊन येते म्हणाले. तिनं पुरणपोळीची डाळ भिजत घालते म्हटलं.

३० एप्रिल, बुधवार

यवतमाळच्या पुढे, एसटीत. दोन वाजून दहा मिनिटं. डावा पाय—

पाय आहे. दिसतोय. चिमटा काढला तर कुणा दुसऱ्याचाच. कंडक्टर आणि एका बाईनं धरून उतरवलं. स्टँडवर बसलेय.

पहिल्या डावाला फोनमध्ये काढून ठेवलेला नियमांच्या कागदाचा फोटो आत्ता नीट वाचला. मी, नियम शिकवणारी मी, जिंकायचं कसं तेवढंच वाचून बसले होते. शेवटची ओळ: जो उठून जाईल, त्याची चाल उरलेले खेळतील.

काकूंनी माझा पत्ता निवडला.

१ मे, गुरुवार

परत आले. परत न येऊन काय करू? तिथं बसले तर निदान काय द्यायचं ते मी ठरवीन. नाही बसले तर काकू ठरवतील.

काकूंनी दारातच मला मिठी मारली. मी ओरडले, शिव्या दिल्या, आयुष्यात कुणाला दिल्या नाहीत अशा. त्या ऐकून घेत राहिल्या. मग एवढंच म्हणाल्या, “तो येऊन राह्यला पोरी. तुले दिसून नाई राह्यलं का?”

दिसतंय ना. त्याचा डावा पाय चादरीखाली हलतोय.

७ मे, बुधवार

‘चव’ दिली. पाणी आणि भात सारखेच.

रजत बोलला.

पत्ते आवरायला मी वाकले होते. त्यानं माझ्याकडे पाहिलं, नीट, ओळख असल्यासारखं. मग काकूंकडे. म्हणाला, “आई, पुरे.”

काकू कोसळल्याच त्याच्या छातीवर. आई म्हणाला, आई म्हणाला माह्या लेकरानं! घरभर नाचल्या. शेजाऱ्यांना पेढे. मी सांगत राहिले, काकू, तो पुरे म्हणाला, पुरे म्हणतोय तो. त्यांना पहिलाच शब्द ऐकू आला होता. दुसरा त्यांनी ऐकलाच नाही.

काकांनी ऐकला. ते बाहेर निघून गेले.

१० मे, शनिवार

रजत आता दिवसभर तेच म्हणतो. पुरे. पुरे. हातानं पट ढकलायला बघतो, हात पोचत नाही. हात अजून कुणी दिलेले नाहीत.

काकांनी आपला शेवटचा पत्ता ठेवला तर माझी एक पाळी टळेल, असं मी त्यांना विनवलं. पाया पडले. त्यांनी पत्ता उलटा करून दाखवला. त्यावर ‘रजत’ लिहिलंय. तो दिला तर ह्या खोलीत मी कोणासाठी बसतो तेच मले समजणार नाई, म्हणाले.

काकूंच्या फोनवर नवी जाहिरात. खेळ शिकवायला मुलगी पाहिजे. राहण्याची सोय.

१२ मे, सोमवार

आईला माझ्या आवाजावरून कळलं. खोटं बोलता येईना. आजारी आहे म्हटलं. ती गुरुवारी सकाळी पोचतेय, मला न्यायला. एकटी. ती कधी सोलापूरच्या पुढे एकटी गेलेली नाही.

बुधवार मध्ये आहे.

माझ्याकडे दोनच पत्ते. ‘चेहरे’. ‘अक्षरं’.

१४ मे, बुधवार

एक वाजला. कूलर चालू आहे. काकू पट पुसतायत.

जाहिरात वाचून जी मुलगी येईल तिच्यासाठी काहीतरी लिहून दारावर लावायचं होतं. काकूंनी तीन कागद फाडले. भांडल्या नाहीत. नुसते फाडले, हळूच, आणि चुलीत—

दोन वाजले. बसले आहे. वही मांडीवर. लिहू देतायत, आता काय फरक पडतो त्यांना.

‘चेहरे’ दिला तर उद्या फाटकाशी एक बाई येईल, पिशवी घेऊन, घामाघूम, आणि मी विचारीन कोण पाहिजे. नाही. ते नाही. आई ओळखू यायला हवी. उद्या तरी.

अक्षरं देते.

ठेवला पत्ता. काकूंनी हिरवी सोंगटी उचलली. एक घर. रजत ओरडतोय, पुरे पुरे—

अजून येतंय लिहिता. जोपर्यंत येतंय तोपर्यंत—

आई, तू येशील तेव्हा मी दारात असेन. मी तुला ओळखीन. ही वही तुझ्या हातात देईन. वाच. मला वाचून दाखव, सगळी, मी विचारीन हे काय आहे, तरी थांबू नको, पुढच्या बुधवारच्या आत काय करायचं ते दोघी मिळून

आई हे मी लिहिलंय मी वर्षा