मामांनी केलेली वाटणी

सोमवार, ३ मार्च

पोचले एकदाची. ट्रंक, शिवणाची पेटी आणि छत्री, एवढाच माझा संसार. गाडीवानाने तो एका खेपेत आत ठेवला आणि बाकीचं सामान मागून येतंय का, असं विचारलं. मी म्हटलं, बाकीचं सामान म्हणजे मीच.

शिडं शिवायच्या कारखान्यात एकोणीस वर्षं काढली, सहाजणींच्या खोलीत, भिंतीकडच्या खाटेवर. आज पहिल्यांदा माझ्या हाताने माझं दार उघडलं. मामा गोदीत मुख्य सुतार होते, चाळीस वर्षं. घर पाहिलं की ते कळतं. एकही दार कुरकुरत नाही. भिंतीतली कपाटं अशी बसवलीत की फटीत नख जाणार नाही. वरच्या खोलीला तीन खिडक्या, तिन्हींतून गोदी आणि पलीकडचं पाणी दिसतं. जिना मात्र जहाजावरचा, उभा. पाठमोरं उतरावं लागतं. दोनदा उतरून पाहिला, उगीचच. चाळिशीतली बाई जिन्याशी खेळतेय, कुणी पाहिलं असतं तर!

बुधवार, ५ मार्च

वकिलांचा कारकून मृत्युपत्र घेऊन आला. माझे दोघे मामेभाऊही आले. मामांना मूलबाळ नव्हतं; त्यांच्या भावाचे हे दोघे मुलगे आणि बहिणीची मी, एवढेच वारस. थोरला दादा शाळामास्तर आहे. धाकटा घड्याळं दुरुस्त करतो. त्याला सगळे बारक्या म्हणतात, आता तो दारातून वाकून येत असला तरी.

मृत्युपत्र एका पानाचं. घर भाचीला, तिने तिथेच राहावं. हत्यारं थोरल्या पुतण्याला, त्यानेच वापरावीत. लाकूड धाकट्याला, त्याने वाया घालवू नये. मागच्या छपरातली अर्धी राहिलेली होडी तिघांची मिळून; ती विकू नये, मोडू नये.

दादाचं तोंड उतरलं. पटाशा आणि रंधे घेऊन मी काय मुलांना व्याकरण शिकवू, असं कारकुनाला विचारत होता. जाताना मला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाला, आयत्या बिळावर नागोबा. मी सांगितलं, नागोबा म्हण की आणखी काही म्हण, बीळ माझं आहे. बारक्या हसला. हत्यारांची पेटी दोघांनी मिळून उचलून नेली.

शनिवार, ८ मार्च

होडी नीट पाहिली. एका शिडाची, सुबक. बसायला तीन आडव्या फळ्या आणि चौथी जागा मागे, सुकाणूपाशी. डाव्या बाजूच्या आठ फळ्या बसवायच्या राहिल्यात, तिथून बरगड्या दिसतात. छपरात काथ्याचा आणि डांबराचा वास. उन्हात तो बरा वाटला. कारखान्यात आमच्या कपड्यांनाही हाच वास यायचा.

मंगळवार, ११ मार्च

भर दुपारी ठोकण्याचा आवाज आला. एक लय होती, तीन ठोके आणि थांबा. जाऊन पाहिलं तर दादा. शाळेचाच कोट अंगात, कोपरापर्यंत भुसा. बारक्याने लाकडाची थप्पी सोडली होती आणि एकेक फळी चाचपून तो दादाच्या हातात देत होता. मला वाटलं, चला, वाटणीवरून रुसलेले भाऊ निदान एका कामाला तरी लागले. चहा नेऊन दिला. दोघांनीही घेतला नाही.

ज्या माणसाने जन्मात खिळा ठोकला नाही, त्याने बसवलेली फळी मी हाताने पाहिली. फटीत नख गेलं नाही.

गुरुवार, १३ मार्च

वहिनी आली. म्हणाली, हे वर्गात धडा शिकवता शिकवता उठले आणि चालू लागले. घरी जेवायला येत नाहीत. रात्री अंथरुणावर मूठ वळलेली असते, उघडत नाही. तिला घेऊन छपरात गेले. दादाच्या तळव्यांची सालं निघाली होती, पटाशीच्या मुठीला रक्त लागलं होतं. वहिनी रडत हात ओढायला लागली. दादाने तिच्याकडे पाहिलं. ओळख होती त्या पाहण्यात, तेच वाईट. म्हणाला, "सुटत नाही गं."

मी हातातली पटाशी काढायला गेले. एकेक बोट उचकटलं. पाचवं उचकटेपर्यंत पहिलं पुन्हा मिटलेलं.

बारक्याला विचारलं तर तो म्हणाला, लाकूड वाया घालवायचं नाही. एवढंच. दिवसभर तेवढंच.

शुक्रवार, १४ मार्च

कारकुनाकडे गेले. त्याला सांगितलं, वाटणी नको, परत घ्या. तो म्हणाला, मृताची इच्छा परत घ्यायची सोय नसते. मग ओशाळून एक चिठ्ठी काढून दिली. पाकिटात चिकटून राहिली होती म्हणाला. मामांचं अक्षर: शीड भाचीने शिवावं.

चौकातच फाडली. दोन माणसं बघत होती, बघू देत.

रस्ताभर विचार केला. मामांनी आम्हाला काही दिलंच नाही. एकाचे हात घेतले, एकाची नजर घेतली, शिवणारीला राहायला घर दिलं, म्हणजे ती हाताशी राहील. इस्टेट आमच्यात वाटली नाही. आम्हालाच वाटून टाकलं. आणि सुकाणूपाशी चौथी जागा कुणाची, ते विचारायलाच नको.

वहिनी म्हणते, निघून जा, अजून तुझं काही बिघडलेलं नाही. जाणार नाही. घर माझं आहे. आणि दोन माणसं आत अडकलीत, ती माझी आहेत.

रविवार, १६ मार्च

पाच फळ्या बसल्या.

सकाळी जाग आली ती खुर्चीत. मांडीवर कापड. वरच्या कपाटातलं असावं, मी काढलेलं आठवत नाही. हातभर शिवण झालेली, माझीच, माझा टाका मी ओळखते. सगळी उसवली. पेटीतल्या सुया विहिरीत टाकल्या.

दुपारी उजव्या हातात दाभण होता. छपरातला. कधी गेले तिथे?

सोमवार, १७ मार्च

हे डाव्या हाताने लिहितेय. अक्षर कोंबडीच्या पायांसारखं, पण माझं आहे. उजवा हात खुर्चीला बांधलाय, वहिनीने गाठी मारल्या. बोटं चालू आहेत. हवेत टाके घालतात. मी त्यांना शिव्या देते. एकोणीस वर्षं मालकाने सांगितलं ते शिवलं. मेलेल्या माणसाचं शिवणार नाही.

सात फळ्या.

मंगळवार, १८ मार्च

बारक्या खाली बसला. दादा बसवलेल्या फळ्यांचे सांधे भरतोय. ओठ फाटलेत. चमच्याने पाणी पाजलं, गिळलं नाही. असंच चाललं तर होडीआधी हेच संपतील. की तसंच ठरलंय? फळ्यांवर तिघांना बसायचं आहे. जिवंत, असं कुठे लिहिलंय.

सुकाणूच्या दांड्याला हात लावला. गरम. सावलीत असून गरम.

वेडगळ वाटेल पण मोठ्याने बोलले. मामा, चांगले सुतार होता तुम्ही. जहाजं बांधलीत तेवढी बास. माणसं बांधू नका.

दांडा हलला. माझ्याकडे वळला.

वळू दे.

बुधवार, १९ मार्च

मोडू नये, असं लिहिलंय. का लिहिलं, ते आत्ता कळलं. मोडता येते म्हणूनच.

वहिनी शेजारच्या लोहाराकडून कुऱ्हाड घेऊन आली. मी म्हटलं, तू बाहेर थांब, तुला काही दिलेलं नाही, तू सुटी आहेस. ही वही तिच्याकडे देईन. भावाबहिणींचं भांडण होतं असं कुणी म्हणू नये.

सकाळचे दहा. ऊन स्वच्छ. भीती वाटतेय, लिहून ठेवते. तरी जातेय.

नंतर

पहिली फळी फुटली. उजवा हात कमरेला बांधलेला; डाव्याने आठ घाव. दादाने हातोडा खाली ठेवला — आपणहून — पाणी मागितलं. वहिनीने आत धाव घेतली, त्याला बाहेर नेलं. चालत गेला.

दुसरी. बारक्या रडतोय. चांगलं आहे. रड.

कुऱ्हाड पायाखाली धरून लिहितेय, श्वास —

तिसरी. बारक्या दाराकडे सरकतोय. रांगत. दार मिटायला लागलं — कुरकुरत नाही — मी माझी ट्रंक दारात आडवी घातली आहे. मिटून दाखवा.

बारक्या बाहेर.

आता मी आणि —

मागे, सुकाणूपाशी वजन आलं. होडी तेवढी कलली. बघणार नाही. कण्याच्या लाकडापासून सुरुवात करते, मधोमध —

उजव्या हाताची दोरी सुटली. शिवायला काही नाही त्याला, माझ्याच बाहीत सुई — सुया तर विहिरीत — बाही फळीला टाचतोय, कातडीसकट —

टाचा. डावा मोकळा आहे. वही वहिनीकडे फेकते, दोन घाव आणखी, कणा तडकलाय, ऐकू येतंय, मामा, तुम्हालाही ऐकू येतंय ना, मी ही होडी