युनाचं कोपर

हॅलिफॅक्स, ९ सप्टेंबर १९८३

चि. सौ. युनास,
अ. उ. आ. वि. वि.
सुखरूप पोचले. बोट फार हलली, पण तुझा मुरंबा शाबूत राहिला. तुझे भाचे तो पावाला न लावता चमच्यानेच खातायत.

आता तुझ्याकडे असताना जे बोलता आलं नाही ते लिहिते. तुझ्या बोटांवर भाजल्याचे डाग आहेत, काही जुने, काही ताजे. डावं कोपर सुजून मोठ्या बटाट्याएवढं झालंय. विचारलं तर म्हणालीस, दाराला लागलं असेल. ‘असेल’ म्हणजे काय गं? आणि तुझा लिअँडर आत आला की तू बाही खाली ओढायचीस. मी आंधळी नाही. आई गेल्यापासून तुला मीच वाढवलंय. जे असेल ते सरळ लिही.

माया आहे म्हणूनच विचारते, राग मानू नकोस.
तुझी ताई, ड्रुसिला


गॅनेट कोव्ह, न्यूफाउंडलंड, २ ऑक्टोबर

ती. ताईस,
सा. न.
तुझं पत्र वाचून आधी हसले, मग हसू येईना. बाही ओढते ती लिअँडर डाग बघून कटकट करतो म्हणून. चुलीपाशी जपून वावर, असं दिवसभर चालतं त्याचं. पण ताई, भाजतं कधी ते मला खरंच कळत नाही. परवा पाव काढताना करपल्याचा वास आला. पाव चांगला होता, माझंच बोट चुलीच्या पत्र्याला टेकलेलं होतं.

मंगळवारी धुण्याची बादली उचलली आणि कोपर निखळलं. हाड भलतीकडेच वर आलं. दुखलं म्हणशील तर फारसं नाही. लिअँडरच पांढराफटक पडला. दवाखान्यात नर्सबाईंनी त्याला बाहेर बसवलं, दार लावलं आणि विचारलं, नवरा हात उगारतो का. मी म्हटलं, कसं झालं मला माहीत नाही. त्यांनी ते तसंच कागदावर लिहून घेतलं.

काळजी करू नकोस म्हटलं तरी करशीलच.
तुझी युना


हॅलिफॅक्स, १४ ऑक्टोबर

श्री. लिअँडर यांस,
नमस्कार.
कोपर निखळलं की धिप्पाड गडीही ओरडतात. माझी बहीण लिहिते की दुखलं नाही. हे वाक्य तिला कुणी शिकवलं, ते मला कळायला हवं. नर्सबाईंसमोरही तिला तुमचं नाव घेता आलं नाही, आणि ‘नवरा मारत नाही’ असंही म्हणता आलं नाही. महिनाअखेरीस येऊन मी तिला घेऊन जाणार आहे. आडवे येऊ नका.
ड्रुसिला


सेंट जॉन्स, २५ ऑक्टोबर

ती. ड्रुसिलाताईंस,
सा. न.
तुमचं पत्र खिशात घेऊनच युनाला इथल्या मोठ्या इस्पितळात आणलं. दवाखान्यातली गोष्ट गावभर झाली आहे, माझ्याशी कुणी बोलत नाही. मासळीच्या कारखान्यात मी बाकावर बसलो की शेजारचा उठतो.

डॉक्टरांनी युनाला डोळे मिटायला सांगून हाताला सुई टोचली. ती म्हणाली, बोट लावलंत. मग एक गरम आणि एक गार नळी लावली. तिला दोन्ही सारख्याच. मी तिथेच उभा होतो.

मानेत औषध सोडून फोटो काढले. पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूत पोकळी झाली आहे आणि तिच्यात पाणी भरलंय. त्यामुळे हातांना स्पर्श कळतो, पण वेदना कळत नाही आणि चटका कळत नाही. दुखत नाही म्हणून ती कोपर वापरत राहिली आणि सांधा आतल्या आत झिजून त्याचा भुगा झाला. डॉक्टर म्हणाले, बादली हे निमित्त झालं, नाहीतर कशानेही निखळलं असतं. सांधा परत यायचा नाही, पट्टा लागेल. मानेचं ऑपरेशन केलं तर दुखणं पुढे सरकायचं थांबेल अशी आशा आहे.

तुम्ही माझ्यावर संशय घेतलात, मीही तिच्यावर घेत होतो. आमचं बाळ गेल्यापासून ती मुद्दाम हात भाजून घेते असं मला वाटायचं. ते विचारायची हिंमत झाली नाही. या, पण तिला न्यायला नको, तिच्यापाशी बसायला या.
लिअँडर


सेंट जॉन्स, १९ नोव्हेंबर

ती. ताईस,
सा. न.
ऑपरेशन झालं. मान आखडली आहे, पण डॉक्टर समाधानी आहेत. कोपराच्या पट्ट्याला लिअँडर ‘लगाम’ म्हणतो.

तू येणं लांबवलंस आणि पत्रात विचारलंस, तो रागावलाय का. रागावलाय. तुझं नाव निघालं की चहात साखर ढवळत बसतो. पण ताई, तुझ्याहून मोठा घाव मी घातलाय. तुझं पत्र आल्यावर माझ्याही मनात आलं, हाच तर काही करत नसेल? अंगावर डाग होते आणि आठवण कशाचीच नव्हती. तो जिना चढायला लागला की मी कान टवकारायचे. नर्सबाईंना मी ‘नाही’ म्हणाले नाही, ते त्याचमुळे.

काल त्याला हे सांगितलं. तेव्हा तो म्हणाला, पाठ दुखते म्हणून उन्हाळ्यापासून खाली बाकावर झोपतो असं सांगायचो, ते खोटं होतं. झोपेत आपलाच हात मला लागतो की काय, अशी त्याला भीती वाटायची.

मग तो माझ्याजवळ येऊन बसला. त्याने माझा हात हातात घेतला. त्याचा हात उबदार होता की गार, ते मला सांगता येत नाही. पण माझा हात धरलेला आहे, एवढं कळत होतं.

तू ये. धक्क्यावर तोच येईल न्यायला. गप्प राहिला तर राहू दे.
आमच्या दोघांवर तुझा जीव असाच असू दे.
तुझी युना